सिंहाच्या शिक्क्याचा पत्रा

ते लोखंड हुडकायचं यंत्र जरा खाली ठेवा भाऊ — हो, तिथंच, खाटेपाशी — ते वाजलं की आत माझी म्हातारी दचकते. बसा. चहा येतोय. तुम्ही धुळ्याहून आलात, संग्रहालयासाठी लोखंडी नावेचे पत्रे गोळा करताय, एवढं कळलं मला. मिळालंही बरंच, त्याच पत्र्यांच्या वस्तू आहेत घरोघर. कुणाच्या वखराची पास घेतली, आमच्या शेजारी वना राहतो, त्याच्या घरचा तवा घेतला — त्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर कळण्याची भाकरी खाल्ली — आणि बदल्यात नवा तवा दिला म्हणता. नवा. बरं.

इतिहास सांगू? सांगतो, आजानं सांगितला तेवढा. इंग्रजांची नाव होती, लढाईची. सुरतेहून तुकडे करून बैलगाड्यांवर आणली आणि इथं, तापीच्या काठी, जोडली. पोटात वाफेचं इंजिन, पुढं तोफ, अंगाला बोटभर जाडीचे पत्रे — गोळी लागली तरी टणकन परत जायची म्हणे. कशाला एवढं? पलीकडच्या डोंगरातले भिल्ल ऐकत नव्हते, त्यांना धाक दाखवायला. साहेब आला तेव्हा श्रावण, नदी दोन्ही काठ भरून. त्याला वाटलं, ही बारा महिने अशीच असते. विचारायचं ना कुणाला — पण आम्हा भोई लोकांना कोण विचारतो, आम्ही तर त्याचं सामान वाहणारे. तोफ वाजवली, पलीकडं एक गोठा पाडला, एक म्हैस मेली. झाली लढाई. दसऱ्याला पाणी उतरलं आणि नाव गाळात बसली ती बसलीच. मग आमच्याच लोकांनी साहेबाला पाठकुळी घेऊन काठावर आणलं. हसा, हसा. आजापण हसायचा.

मी नाही हसत. का? काही नाही — एवढंच वाटतं, की धाक दाखवायचा असला तर भर पुरातसुद्धा नाव येते. सुरतेहून येते, बैलगाडीत बसून. आणि — जाऊ द्या. चहा घ्या, गार होईल.

तो शिक्क्याचा पत्रा ना? सिंहाचा? वनानं सांगितलं असेल, माझ्याकडं आहे म्हणून. होता. धान्याच्या पेवावर झाकण म्हणून होता. आता नाही. विकला? विकीन कसा. तुमचं यंत्र त्या निंबाखाली वाजलं ते मी पाहिलं भाऊ, म्हणून तर हाक मारली तुम्हाला.

तिथं आमची दिपमाला आहे. लेक. ताप भरला तेव्हाही श्रावणच होता. दवाखाना पलीकडं, पूल नव्हता, माझी होडी पुरानं नेलेली, आणि सरकारी होडी समोरच्या काठाला बांधलेली — पुरात सोडायची नाही, असा हुकूम. मी हाका मारत राहिलो. माणसं दिसत होती पलीकडं. हात हलवत होती. दात आले नव्हते तिला — दात न आलेल्या लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि नदीकाठची ओली माती, कोल्हे उकरतात. दगड ठेवले, तरी हिचं मन राहीना. मग पेवावरचा पत्रा ओढत नेला मी — एकट्यानं, कसा ते विचारू नका. ही म्हणाली, "तिले थंड लागत व्हई." म्हणून आधी तिची गोधडी अंथरली, वर तो पत्रा. गोळ्या अडवायला केलेला. कोल्हे तरी अडवले त्यानं. त्या नावेनं एवढं एकच काम केलं बघा.

आखाजीच्या सणाला सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात. ही त्या निंबाला झोका बांधते. म्हणते, आपली तर आलेलीच शे.

काय? मानानं काढाल? काचेत ठेवाल, खाली तिचं नावही लिहाल? नको भाऊ. साहेबाचं लिहा, मोठ्या अक्षरात. म्हशीचं लिहू नका, गंमत वाटेल लोकांना. आणि त्या पत्र्याचं लिहा, सापडला नाही म्हणून.

ती बाहेर येतेय. यंत्र पिशवीत घाला — आधी पिशवीत घाला ते. कप राहू द्या, मी उचलतो. शिंदखेड्याची गाडी फाट्यावर मिळेल. वाट निंबाकडून नाही, इकडून आहे. जा आता.