बघते

अण्णा : …आणि तिसरी दिल्लीची. दोन वर्षांची फेलोशिप, राहायला खोली, खिडकीतून म्हणे मोर दिसतात.

वेदवती : मोर दिसतात असं नोटिशीत लिहिलंय?

अण्णा : ते मी घातलं. नुसत्या फेलोशिपला तू मान वर करत नाहीस.

वेदवती : अण्णा, तुम्ही फिरायला गेला होता की विद्यापीठात विभागाचा बोर्ड वाचायला?

अण्णा : बोर्डापर्यंत जाऊन आलं की डॉक्टरनं सांगितलेलं चालणं पुरं होतं.

वेदवती : रिटायर होऊन किती वर्षं झाली. मुलांना वाटत असेल, तुम्हीच अर्ज करताय.

अण्णा : एकीनं विचारलंच काल. 'अंकल, तुम्ही कुठल्या बॅचचे?' म्हटलं, हा बोर्ड ठोकला त्या बॅचचा.

वेदवती : उप्पिट्टू झाकून ठेवलंय. दुपारी गरम करा, तसंच गार खाऊ नका.

अण्णा : दिल्लीचं काय?

वेदवती : बघते.

अण्णा : पुणं बघते, गुवाहाटी बघते. एवढं बघून तुला चष्मा कसा लागला नाही? तुझं 'बघते' म्हणजे 'नाही'. सरळ 'नाही' म्हण की एकदा.

वेदवती : माझी नंजनगूडची बस जाईल. पहिलाच तास मला घ्यायचाय कॉलेजात.

अण्णा : जाऊ दे, मागून दुसरी येते. वेदा, जन्मभर पोरांना अपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकवली. एक धरलं की दुसरं सुटतं, आणि जे सुटलं ती धरलेल्याची किंमत. उदाहरणं द्यायचो भाताची, गव्हाची. आता घरातच उदाहरण बसलंय, माझी लेक, उप्पिट्टू खात.

वेदवती : असं काही नाही.

अण्णा : मग कसं आहे? तू माझ्यापायी अडकलीस, हे मला दिसत नाही होय?

वेदवती : संध्याकाळी बोलू. गोळी घ्या. येते मी.

अण्णा : सावकाश ये.

(अण्णांचं दिवसकार्य उरकल्यावर. म्हैसूर, विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग.)

खंडोजीराव : या वेदक्का, बसा. कॉफी सांगतो. माझा मराठी सांभाळून घ्या. आमच्या घरातला मराठी आजीबरोबर गेला. विभागप्रमुख होऊन या खुर्चीत बसलो तरी तुमचे अण्णा, आमचे सर, मार्क कापायचे.

वेदवती : अण्णांकडची लायब्ररीची पुस्तकं परत द्यायला आले होते.

खंडोजीराव : कशाला घाई? ठेवा तिथं. त्या दिवशी सकाळी इथं आले होते हो. माझ्याशी बोलून गेले. एकदम बरे होते.

वेदवती : संध्याकाळी मी परत आले, तर खुर्चीतच होते. उप्पिट्टू गरम करून खाल्लं होतं. ताटली धुऊन पालथी घातली होती.

खंडोजीराव : अय्यो.

वेदवती : दुखलं नसावं, असं डॉक्टर म्हणाले.

खंडोजीराव : वेदक्का, एक विचारतो, रागावू नका. आमच्या विभागात लेक्चररची जागा निघाली आहे. तुमचा अर्ज नाही आला.

वेदवती : कुठली जागा?

खंडोजीराव : बोर्डावर आहे. सर रोज वाचायचे.

वेदवती : मला दिल्ली सांगितली. गुवाहाटी सांगितली. ही नाही.

खंडोजीराव : मला माहीत आहे. मला म्हणाले, 'खंडोजी, ही जागा आमच्या वेदाला सांगू नकोस. इथलं कळलं की ती इथंच राहील, माझ्यापायी. तिला जाऊ दे.' मी गप्प बसलो. गुरूचा शब्द, काय करणार? पण माझा चूक झाला.

वेदवती : माझी चूक झाली.

खंडोजीराव : नाही नाही, तुमची काय चूक?

वेदवती : अहो, तुमचीच. पण 'माझा चूक झाला' नाही, 'माझी चूक झाली'.

खंडोजीराव : हां. अगदी सरांसारख्या बोलल्या. अर्जाला आठवडा बाकी आहे. पण आता तुम्ही दिल्लीला पण जाऊ शकता. आता तुम्हाला कुणाचं… तसं नाही म्हणायचं होतं मला.

वेदवती : असू दे. सगळे तेच म्हणतात. आता तू मोकळी. इथला अर्ज द्या, करते मी.

खंडोजीराव : 'करते' ना? 'बघते' नाही? सर सांगायचे तुमच्या 'बघते'चं.

वेदवती : करते. बोर्ड कुठं आहे?

खंडोजीराव : जिन्यापाशी. डावीकडं उभे राहायचे, चष्मा कपाळावर ढकलून. तुम्ही बघा, मी अर्ज काढून आणतो.

वेदवती : (जिन्यापाशी, बोर्डासमोर, एकटीच) …अण्णा, दिल्लीच्या नोटिशीत मोर नाहीत हो. खोलीसुद्धा 'उपलब्ध असल्यास' आहे.

वेदवती : दिल्लीचं काय, असं विचाराल. नाही, अण्णा. बघते नव्हे, नाही. दिल्ली नको, गुवाहाटी नको. मी अडकले नव्हते. सकाळी तुम्ही कुठल्या गावाचं काय घेऊन येता, याची वाट बघत मी चहा ठेवायची. तुमच्याजवळ राहायला आवडत होतं मला. जे सुटलं ती काही किंमत नव्हती. संध्याकाळी बोलू म्हटलं होतं ना, एवढंच बोलायचं होतं.