रकाना नंबर नऊ

...आणि वर मलाच म्हणतात, मॅडम, शोधा ना! अहो, मी पोलीस नाही हो, टायपिस्ट आहे! ना टोपी, ना शिट्टी, साध्या पेनासाठीसुद्धा हवालदारापुढे हात पसरावा लागतो मला, पण ठाण्यात खुर्चीवर कुणी बसलेलं दिसलं की लोक तिथेच रडायला लागतात. माझं काम काय, तर हरवलेल्या माणसाचा फॉर्म टाइप करायचा. वय, उंची, खुणा, आणि रकाना नंबर नऊ, अंगावरचे कपडे... तुम्हाला सांगते, या नऊ नंबरवर भलेभले गारद! एकदा एक नवरा आला, बायको दोन दिवस बेपत्ता, म्हटलं काय घातलं होतं, तर डोकं खाजवत म्हणतो, “नेहमीचंच.” आता नेहमीचंच हा काय रंग आहे का? घरात डोळे मिटून वावरता का तुम्ही? असं तोंडावर सुनावायचे मी, वीस वर्षं सुनावलं...

मग गेल्या हिवाळ्यात आमचे बाबा घरातून निघून गेले. विसरायला लागलेच होते, मलाच विचारायचे, तुम्ही कुणाकडे आलात? मी कामावर, आई आंघोळीला, आणि हे दार उघडून चालू पडले.

साहेब म्हणाले, बसा, पाणी प्या, आधी फॉर्म भरू. पण भरणार कोण? टायपिंग येणारी मी एकटी! हवालदाराने एका बोटाने सुरुवात केली, बाबांच्या नावालाच दहा मिनिटं लागली, शेवटी त्याला उठवलं नि मीच बसले. वय टाकलं, उंची टाकली, डाव्या भुवईवरचा व्रण टाकला, फटाफट... आणि आला नऊ नंबर.

अहो, सकाळी शर्ट मीच घातला होता हो त्यांना! याच हातांनी सात बटणं लावली, बाबा हनुवटी वर करून शहाण्या मुलासारखे उभे, आणि माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. बटणं सात होती, ते आठवतं. रंग आठवेना. निळा? राखाडी? हवालदार हळूच म्हणाला, “मॅडम, नेहमीचंच लिहू या का?” थट्टा नव्हती हो त्यात, बिचारा मदत करत होता.

मी टाइप केलं, माहीत नाही.

चार महिने झाले. साहेब म्हणतात, शोध चालू आहे. तेच मी वीस वर्षं लोकांना सांगत आले, तेव्हा त्याचा अर्थ मला कुणी समजावायला नको. मी काय करणार, मी पोलीस नाही हो, टायपिस्ट आहे... आता नऊ नंबरवर कुणी अडलं की मी पाण्याचा ग्लास पुढे करते.

आणि घरी आई! रोज सकाळी मी निघाले की दारात वही घेऊन उभी. चष्मा लावून लिहिते, पिवळा कुर्ता, काळी पँट, उजव्या बाहीवर शाईचा डाग. मग म्हणते, “जरा वळ.” मी वळते, पाठ दाखवते, तीही लिहून घेते. इतकी चोख माहिती वीस वर्षांत कुणी दिली नाही मला... फक्त माणूस तेवढा चुकीचा आहे.