टवका उडालेला कप

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक साठीतलं जोडपं बसलं होतं.

"वहीत काय लपवताय? दाखवा की."

"चित्रकलेच्या क्लासचा गृहपाठ आहे. महिनाच झालाय शिकायला लागून, हसू नकोस."

"नाही हसत. अय्या, हा आपला ओटा! आणि कप तर हुबेहूब. कानापाशी उडालेला टवकासुद्धा काढलात."

"बाई म्हणाल्या, घरातली रोजची सकाळ न बघता, आठवणीतून काढा."

"आणि ही ओट्यापाशी कोण उभी आहे?"

"कोण म्हणजे? तूच."

"मी? मग माझा चष्मा कुठाय?"

"अगं, घाईत राहिला असेल."

"आणि केस कमरेपर्यंत?"

"मग?"

"आजारपणात गेले ते. परत मानेखाली आलेच नाहीत. नऊ वर्षं झाली."

"बरं बाई, चुकलं. नवशिका माणूस मी, इतकं काय धरून बसायचं?"

"कप काढताना नव्हतात वाटतं नवशिके."

"खोडतो ना. घरी गेलो की जरा समोर बस, नीट बघून काढतो."

"समोरच असते की रोज. तो कप कोण देतं तुमच्या हातात?"