झोपडं कोणी म्हणायचं

मानाच्या खुर्चीवरचे अध्यक्ष साहेब, शेजारचे डॉक्टर साहेब, नव्या सिस्टर, समोर बसलेल्या माझ्या वस्तीतल्या बायका, आणि ज्यांच्या निरोपाला आपण जमलो त्या आमच्या सिस्टरबाई, सगळ्यांना नमस्कार. बाळ जाऊबाईकडे दिलंय. रडलं तर मी मधेच उतरेन, आधीच सांगते. नवरा म्हणाला, "घरात तर तुझं तोंड थांबत नाही, तिथेच कशी दातखीळ बसते?"

तर एक शब्द आहे, झोपडं. आम्ही आपापसात तोच म्हणतो. जाऊबाई हाक मारते, "ये गं माझ्या झोपड्यात चहाला, तुझ्या महालातली साखर संपली असेल!" आम्ही हसतो. पण तोच शब्द बाहेरचं कोणी ओरडलं की आमचे हात आपोआप भांडी गोळा करायला लागतात. का? तर पाडायला येणारी माणसं असंच ओरडतात.

मागच्या थंडीत बाळ तापाने फणफणलं. सिस्टरबाईंनी दवाखान्याची गाडी पाठवली. ड्रायव्हरदादा, तुम्ही मागे बसलाय, रागावू नका हं. तुम्ही ओरडलात, "कोपऱ्यातलं झोपडं कोणाचं? बाहेर या!" झालं! सगळी वस्ती चिडीचूप. मी बाळाला छातीशी दाबून बसले. गाडी रिकामी परत गेली.

मग सिस्टरबाई स्वतः चालत आल्या. आम्हाला दार कुठलं? गोणपाटाचा पडदा. त्यांनी पत्र्यावर टकटक केली. "घरात कोण आहे गं? येऊ का आत?" चपला बाहेर काढल्या. मी पडदा वर केला. बाळ तेव्हा डोळे उघडत नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. "चल" एवढंच म्हणाल्या आणि बाळाला उचलून दवाखान्याकडे निघाल्या.

आज ते चमचा आपटतंय. पण छाती अजून घरघरते, दर आठवड्याला बघावं लागतं. उद्यापासून बघायला सिस्टरबाई नाहीत, नव्या सिस्टर येणार. नव्या सिस्टर, तुम्ही शिकलेल्या, मी काय सांगणार? फक्त पत्र्यावर टकटक करा, आणि घरात कोण आहे विचारा. पडदा लगेच वर होईल.

सिस्टरबाई, तुम्ही मात्र आमच्या घराला खुशाल झोपडं म्हणा. तुम्ही आता आतल्या झालात.

तुमचे उपकार मोठे. बोलायला उभं केलंत, ऐकून घेतलंत. काही वेडंवाकडं बोलले असेन तर पदरात घ्या. बाळ रडतंय, जाते मी.