शेवटचे तीनशे मीटर

बारक्या : नकाशावर तुझ्या कालव्याकाठच्या नव्या पायवाटेची ही हिरवी रेघ दिसतेय ना, ताई? इथं बोट ठेव. बरोबर इथं बाबा झोपलेत.

ताई : हळू बोल. बाहेर हरकतींची रांग लागलीय.

बारक्या : मीही रांगेतूनच आलोय. सख्ख्या बहिणीला भेटायला टोकन!

ताई : अरे, इथं तर कालव्याचा मोकळा काठ आहे. मी सायकल शिकले तिथं.

बारक्या : होता मोकळा. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना जिना सुटला. खाली माझं गॅरेज. मग मागं काठावर पत्र्याची खोली टाकली. दोन वर्षं झाली. जन्मभर कालव्याची राखण केली, आता खिडकीतून पडल्यापडल्या करतात.

ताई : मला बोलला नाहीस.

बारक्या : तू दवाखान्यातून परस्पर गेलीस. रोज फोनवर विचारतेस, जेवले का, औषध घेतलं का. कुठं झोपतात, हे कधी विचारलंस? आणि तुमच्या खात्यात म्हणे चालून पाहिल्याशिवाय रेघ मारत नाहीत?

ताई : चालले ना! बासष्ट किलोमीटर. तळपायाची सालं निघाली. फक्त शेवटचे तीनशे मीटर...

बारक्या : शेवटचे काय?

ताई : नाही चालले. डोळे मिटून जाईन अशी वाट, म्हणून जीपमध्ये बसूनच रेघ ओढली. आणि खाली सही केली, ‘संपूर्ण मार्ग स्वतः चालून पाहिला.’

बारक्या : घराचीच वाट तेवढी सोडलीस. धन्य आहे बाई तुझी!

ताई : बाबांना तसं पडलेलं बघवत नाही रे मला. घाबरले मी.

बारक्या : बरं, रडू नकोस. रेघ पलीकडच्या काठानं ने, झालं.

ताई : पलीकडं दलदल. आणि इथं तुटली तर सगळी वाटच अधांतरी लोंबकळत राहील. शाळेच्या पोरी हमरस्त्यानं ट्रकच्या कडेकडेनंच जातील. त्यांच्यासाठीच तर केलं हे सगळं. शिवाय जागा सरकारी आहे, बारक्या. खोली आज ना उद्या जाणारच.

बारक्या : म्हणजे हरकत घेऊन उपयोग शून्य?

ताई : फेटाळतील. पण सुनावणी संपेपर्यंत खोलीला कुणी हात लावत नाही. सहा महिने तरी.

बारक्या : डॉक्टरांनीही तेवढेच सांगितलेत.

ताई : काय?

बारक्या : फोनवर कसं सांगायचं? सहा महिने, फार तर. दे इकडं कागद, करतो सही. का गं? तोंड का उतरलं?

ताई : हरकत आली की साहेब जागा बघायला येणार. दोन वर्षांची खोली बघून पहिला प्रश्न मलाच, चालताना ही दिसली नाही का तुम्हाला? खोट्या दाखल्यावर इथं कुणाची नोकरी टिकलेली नाही.

बारक्या : अरे देवा! मग मरू दे तो अर्ज. मी उचलून वर नेतो बाबांना.

ताई : त्या जिन्यात खाट वळते का?

बारक्या : नाही वळत. आणि वर नेलं तरी पाणी दिसत नाही. दवाखान्यात बघितलंस ना, भिंतीकडं तोंड करून घाससुद्धा घेत नव्हते.

ताई : बघितलं. म्हणूनच पळाले होते.

(दारावर टकटक. ‘मॅडम, हरकतींची खिडकी बंद करायची वेळ झाली.’)

ताई : दोन मिनिटं! बारक्या, इथं सही कर. इथं नाव, इथं आजची तारीख.

बारक्या : ताई, नीट विचार कर. वीस वर्षांची नोकरी आहे.

ताई : कर म्हणते ना! शिक्का मीच मारते.

बारक्या : घे, केली. घरी गेलो की बाबा विचारतील, काय झालं म्हणून.

ताई : सांग, सहा महिने खोली हलत नाही.

बारक्या : आणि त्यानंतर?

ताई : त्यानंतरचं बाबा विचारणार नाहीत रे.