खिडकीपाशी करदाता

अनुजा : नाना, व्हिसाच्या फॉर्मवरचा पुढचा प्रश्न. गेल्या पाच वर्षांत सोशल मीडियावर तुमची कुठली कुठली खाती होती? काही नाही ना? ‘नन’ टाकते.

नाना : थांब.

अनुजा : व्हॉट्सअ‍ॅप नाहीये त्यांच्या यादीत. ते नाही धरत.

नाना : व्हॉट्सअ‍ॅपचं नव्हे. जरा पाणी देतेस?

कमलिनी : पाणी पुढ्यात आहे तुमच्या. आणि चेहरा का असा केलाय? माझा फॉर्म वीस मिनिटांत झाला. तुमचं मात्र सकाळपासून चाललंय.

अनुजा : नाना, यल्ला, चला लवकर. हा फॉर्म थोडा वेळ नुसता ठेवला की आपोआप बंद पडतो, मग पुन्हा पहिल्यापासून. मला दोन वाजता मुशैरिबच्या ऑफिसात मीटिंग आहे.

नाना : फेसबुकवर एक पान आहे. माझं. म्हणजे, माझ्या नावानं नाही.

अनुजा : मग कुणाच्या?

नाना : ‘करदाता’.

अनुजा : काय?

नाना : टोपणनाव आहे. करदाता.

अनुजा : नाना, तुम्ही रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. सहा वर्षं माझ्याकडे कतारमध्ये आहात. इथे इन्कम टॅक्सच नाही. तुम्ही कुठला कर देता?

नाना : नाव सुचलं तेव्हा हे ध्यानात आलं नव्हतं. नंतर बदलायला लाज वाटली.

कमलिनी : म्हणजे दुपारी दार लावून टकटक करायचे ते हे होय? मला म्हणालात, जुन्या मित्रांना पत्रं लिहितो.

नाना : तसं पत्रच होतं. उत्तर येत नव्हतं, एवढंच.

अनुजा : किती पोस्ट आहेत?

नाना : दोनशे चौदा.

अनुजा : दोनशे चौदा! आणि वाचणारे?

नाना : अकरा. त्यातला एक पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो. तो सगळ्यांनाच चांगलं म्हणतो.

अनुजा : आणि विषय काय?

नाना : अमेरिका.

अनुजा : अमेरिकेचं काय?

नाना : राजकारण. सरकारनं कुठं थांबावं वगैरे. माझ्या मते ते थांबत नाही. म्हणजे, एक मत आहे. चूकही असेल.

कमलिनी : देवा! ज्यांच्याकडे व्हिसा मागायचा त्यांच्याचबद्दल?

अनुजा : थांब आई, बघू दे. मिळालं. अय्या, फोटोत चष्मा आहे. नुसता चष्मा, टेबलावर ठेवलेला.

नाना : चेहरा द्यायचा धीर झाला नाही.

अनुजा : ‘सरकारने रस्ते बांधावेत, सीमा राखावी, न्याय द्यावा, आणि मग उठून बाजूला बसावे. सरकार जेव्हा आपले भले करायला घरात येते, तेव्हा ते बसायला जागा मागत नाही, आपली जागा घेते.’ बरं लिहिलंय की, नाना!

नाना : तो त्यातल्या त्यात बरा आहे. सगळे तसे नाहीत.

अनुजा : हा बघा पुढचा. ‘अमेरिकेतल्या एका शहराने गोड पेयांवर कर लावला आहे. माणसाने काय प्यावे हे नगरपालिका ठरवणार? काल संध्याकाळी थंडगार कोलाचा पहिला घोट घेताना मनात आले…’ आई.

कमलिनी : ऐकलं मी.

नाना : ते ललित होतं.

कमलिनी : एकशे ऐंशी शुगर असताना ललित? म्हणजे रोज पाय मोकळे करायला म्हणून खाली जाता ते त्या कोपऱ्यावरच्या बकाल्यात, कोला प्यायला! मी शेजारच्या फरहाला म्हणतेय, आमचे हे बघ, या उन्हातसुद्धा चालायचं चुकवत नाहीत. आणि हे दुकानाच्या फ्रिजपाशी उभे!

नाना : रोज नाही. लेख लिहायच्या दिवशी.

कमलिनी : दोनशे चौदा दिवस!

अनुजा : आणि नाना, इथे कोलावर पन्नास टक्के कर आहे. त्यावर एक तरी ओळ लिहिलीत का?

नाना : इथे मी राहतो ना, बाळ. मला बारा हजार किलोमीटरवरच्या सरकारचीच भीती वाटत नाही.

कमलिनी : शूर आहेत.

नाना : पण बघ, कोलावर कर आहे म्हणजे मी करदाता ठरतो. नाव अगदीच खोटं नाही.

अनुजा : हसवू नका, मी टेन्शनमध्ये आहे. ‘पाहुणा दाराशी आला तर घरमालकाने विचारलेच पाहिजे : तू कोण, कुठला, आजवर काय बोलत आलास. ज्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, त्याने रागावण्याचे कारण काय?’ नाना, हे तर आत्ता फॉर्ममध्ये विचारलंय तेच आहे. हा नियम तुम्हीच मागत होतात!

नाना : हो.

अनुजा : खाली पाच कारणं दिलीयत. आकडे घालून.

नाना : लिहिताना मी मनानं दाराच्या आतल्या बाजूला उभा होतो. बाहेरच्या रांगेत मीच असेन असं वाटलं नव्हतं.

अनुजा : आता काय वाटतं?

नाना : कारणं अजून पटतात. फक्त ती आता मलाच लागू होतात.

अनुजा : मग ऐका. पान डिलीट करू या. खलास. नाव नाही, फोटो नाही, कुणाला कळणार? आणि ‘नन’ टाकू.

कमलिनी : नाहीतर काय! पाच महिन्यांची झाली वल्लरी. माझ्या एकुलत्या एका मुलाची मुलगी, आणि मी तिला फोनच्या काचेतून बघतेय. परवा तिनं काच चाटली, मला इकडे रडू आलं. तुमचा व्हिसा अडला तर मी एकटी कशी जाणार? मला धड इंग्रजी येत नाही, गुडघे हे असे. पुसून टाका ते.

नाना : पुसतो. वल्लरीपुढे ते काय आहे? कुठलं बटण ते दाखव, अनुजा. मला फक्त छापायचं माहीत आहे.

अनुजा : इथे. ‘कायमचं काढून टाकायचं का’ म्हणून विचारतोय. दाबा.

नाना : हेच ना बटण? एक मिनिट.

अनुजा : नाना, फॉर्म बंद पडेल.

नाना : या फॉर्मच्या शेवटी सही आहे ना?

अनुजा : आहे. वर दिलेली सगळी माहिती खरी आहे, अशी.

नाना : कमल, तुला हौसाबाई आठवते?

कमलिनी : कोण हौसाबाई?

नाना : पिठाची गिरणी टाकायची होती तिला. नवरा गेलेला. मी परवाना विभागात होतो.

कमलिनी : एकतीस वर्षांत किती बायका आल्या असतील तुमच्या टेबलापाशी! मला काय माहीत?

नाना : सतरा कागद लागायचे. ती दर सोमवारी यायची आणि मी दर सोमवारी एक कागद कमी काढायचो. नियमाप्रमाणेच हं. एक पैसा कधी घेतला नाही, त्याचाच मला गर्व होता. एकदा तिनं पत्ता चुकीचा लिहिला. भावाकडे राहत होती, लिहिलं सासरचं घर. मी अर्ज फेटाळला. ‘शासनाला खोटी माहिती दिली’ असा शेरा मारला, लाल शाईनं. अक्षर चांगलं होतं माझं.

अनुजा : मग?

नाना : मग ती आली नाही. पुढं कधीतरी कळलं, आणलेली चक्की तिनं मोडीत घातली. मला कुणी काही म्हटलं नाही. साहेबांनी तर फाइल नीट ठेवल्याबद्दल कौतुक केलं. लोक सरकार सरकार म्हणतात, ते कुठं असतं म्हणून शोधतात. टेबल नंबर चारवर होतं. मी होतो.

कमलिनी : हे कधी बोलला नाहीत.

नाना : बोलायला दूरचा देश बरा पडला. तिकडच्या एका गावात वेण्या घालायला परवाना लागतो असं वाचलं आणि रात्रभर झोप आली नाही. तिकडे निदान या गोष्टीवर माणसं भांडतात. आपल्याकडे मी भांडलो नाही, सतरावा कागद मागितला.

अनुजा : नाना…

नाना : आता मीच खोटं लिहून वर सही करायची म्हणजे… पण वल्लरीचंही खरं आहे. मला ठरवता येत नाही. मला आयुष्यात कधी काही ठरवता आलं नाही, म्हणून मी नियम पाळले. कमल, तू सांग.

कमलिनी : माझ्यावर ढकलू नका. तुमचं ते छोटं सरकार ना? मग स्वतःचं स्वतः ठरवा.

नाना : लिही. फेसबुक. करदाता.

अनुजा : नक्की?

नाना : आता पुन्हा विचारू नकोस. बदलेन.

कमलिनी : लिही गं. पण एक सांगून ठेवते. व्हिसा नाही मिळाला तर मी तुमच्याशी बोलायची नाही. सुशांतसारखं करीन. दोन वर्षं झाली, बापलेक फोनवर नुसतं हवामान बोलतात. इथे ऊन आहे. तिथे पाऊस आहे. खलास.

नाना : निवडणुकीवरून जरा जास्त बोललो मी.

अनुजा : जास्त? त्यानं घर घेतलेलं तिकडे, मतं त्याची तिकडची, आणि तुम्ही इथून त्याला त्याच्याच देशाचा इतिहास सांगत होतात. पाऊण तास. स्पीकर चालू होता.

नाना : तो एकच वाक्य म्हणाला. ‘नाना, तुम्ही इथे कधी आलायत का?’ मग मी पाऊस विचारला.

(पाच आठवड्यांनंतर. वकिलातीबाहेर, अनुजाच्या गाडीत.)

अनुजा : बसा लवकर, एसी चालू आहे. आई, बेल्ट लाव. काय झालं?

कमलिनी : यांनाच विचार. हे काय काय बोलले ते ऐक आधी.

अनुजा : नाना?

नाना : खिडकीत एक तरुण मुलगा होता. सुशांतच्या वयाचा. दाढी तशीच. मी खिडकीच्या या बाजूला पहिल्यांदाच उभा होतो, कागद हातात घेऊन. सगळे कागद दोन दोन प्रतींत आणले होते. त्यानं एकही मागितला नाही.

अनुजा : पण विचारलं काय?

नाना : मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, परत कुठे येणार. मग स्क्रीनकडे बघून म्हणाला, तुम्ही लिहिता असं दिसतंय. कशावर लिहिता?

अनुजा : अय्या! मग?

कमलिनी : सांगा. सांगा ना.

नाना : पाच वर्षं, अनुजा. पाच वर्षं मी वाट बघत होतो की कुणीतरी मला हे विचारेल. आणि विचारलं कुणी? खुद्द अमेरिकन सरकारनं. नम्रपणे. कुठल्या कलमावर काय म्हणायचं ते सगळं मला पाठ होतं.

अनुजा : मग काय सांगितलंत?

नाना : हवामान.

अनुजा : काय?

नाना : ‘वेदर, सर.’ दाढी बघून तोंडातून तेच निघालं. सवयीनं.

अनुजा : नाना! फॉर्मवर खरं लिहायचं म्हणून एवढं केलंत, आणि तिथे जाऊन खोटं?

नाना : दोनशे चौदा लेखांत एकदाही न डगमगलेला माणूस. मीच. चष्मा घसरला. तो पुन्हा म्हणाला, वेदर? मी म्हटलं, यस सर, मेनली हॉट.

अनुजा : बापरे. गेलं मग?

नाना : मग तुझी आई.

कमलिनी : मी काही नाही केलं.

नाना : मला कोपरानं मागं सारलं हिनं, आणि काचेच्या भोकाला तोंड लावून म्हणाली, ‘नो वेदर. ही राइट, गव्हर्नमेंट टू मच बिग. ही टेल ट्रुथ, बट ही फिअर.’

अनुजा : आई!

कमलिनी : दोन आठवडे पाठ केलं होतं ज्ञानदाकडून. तुझी मुलगी हसत होती, पण शिकवलं तिनं. मला माहीत होतं, हे आयत्या वेळी तोंड मिटणार. लग्नाच्या वेळीही नाव यांच्याऐवजी यांच्या मामांनी घेतलं.

अनुजा : आणि तो?

नाना : हसला. म्हणजे हसू आवरलं त्यानं. म्हणाला, माझे वडीलही हेच म्हणतात. मग स्क्रीनकडे वळून म्हणाला, आम्ही घरी तो विषय काढत नाही.

अनुजा : आणि पासपोर्ट?

कमलिनी : ठेवून घेतले. दोघांचेही. आठवड्यानं न्यायला या म्हणाला.

अनुजा : म्हणजे मिळाला! आई, मिळाला व्हिसा! अगं रडू नकोस, मला गाडी चालवायचीय.

कमलिनी : मी कुठं रडतेय? एसी डोळ्यावर येतोय. वल्लरीची दुपटी पिशवीत भरायची आहेत. अहो, तुम्ही काय मोजताय?

नाना : दोनशे चौदा लेख मी लिहिले. तुला चौदा शब्द पुरले.

कमलिनी : आणि कोला बंद. माझं सरकार लहान नाही.

अनुजा : सुशांतला लावते फोन. तिकडे पहाट असेल, पण वल्लरीमुळे जागाच असतो तो. रिंग जातेय. घ्या नाना, तुम्हीच सांगा.

नाना : मी? तुम्ही बोला आधी.

कमलिनी : घ्या म्हणते ना!

नाना : हॅलो, सुशांत? हो, नाना बोलतोय. मिळाला. दोघांना. हो. आई रडतेय. नाही म्हणते, पण रडतेय… इथे ना, ऊन आहे. त्रेचाळीस. तुझ्याकडे? … बरं. … सुशांत, ते हवामान राहू दे जरा. तू ते घर घेतलंस ना, त्याची घरपट्टी किती बसते रे? … नाही, मला माहीत नाही. कुठं वाचलेलं नाही. तू सांग, मी मधे बोलत नाही.