वकीलबाईंचा पहिला प्रश्न

आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या बसथांब्यावर उन्हाची धार बोथट होत होती. बसची वाट पाहणाऱ्या लतिकाच्या मागे वसईच्या वळणाची मराठी ऐकू येत होती. एक नवराबायको फ्लॅट घ्यायचं बोलत होते.

"ॲडेलिन, ही वकीलबाई नको. पहिलाच प्रश्न, तुम्ही मेल्यावर फ्लॅट कोणाचा?"

"मग तुझ्या दोस्ताचा, डेन्झिलचा वकील बरा का, मॉरिस?"

"त्याने खजूर दिले, कॉफी पाजली. म्हणाला, इन्शाल्ला होईल, खलास, काम झालंच समजा!"

"खजूर खाऊन घर होत नाही. बाईंना काय सांगितलंस?"

"बायकोचा! आणखी कोणाचा?"

"मग कागदांवर नाव तुझं एकट्याचंच कसं?"

"अगं, ते... घाईत राहिलं. बरं, तुझंही घालायला सांगतो बाईंना. तुझा पासपोर्ट लागेल."

"तो मी कालच बाईंना दाखवून आले. यल्ला, चल, बस आली."